चष्मेवाल्यांनी काचेचे स्की-हेल्मेट कसे निवडावे

ज्याला चष्म्याशिवाय दहा पावलांवरचा माणूस ओळखू येत नाही, त्याची बर्फावरची पहिली अडचण घसरण्याची नसते, दिसण्याची असते. चष्म्यावर स्कीचा गॉगल चढवला की चष्म्याच्या दांड्या कानशिलांत रुततात, गॉगलच्या फोमने चष्मा नाकावरून खाली ढकलला जातो आणि दोन काचांच्या मध्ये कोंडलेली वाफ काही केल्या निघत नाही. उत्तराखंडातल्या औलीला स्की शिकत असताना भाड्याच्या गॉगलमधून मी हे पुरेसे भोगले आहे. कॉन्टॅक्ट लेन्स हा सर्वांत सोपा उपाय आहे हे मान्य, परंतु माझे डोळे मुळातच कोरडे पडतात आणि थंड, विरळ हवेत लेन्स तासाभराच्या वर सहन होत नाही. त्यामुळे यंदा गुलमर्गला जायचे ठरले तेव्हा पुढच्या बाजूला वर-खाली होणारी काच जोडलेले, म्हणजे व्हायजरचे, हेल्मेट घ्यावे असे मनात आले. परभणीत बसून अशा वस्तूची निवड करणे हा प्रकार थोडा गमतीचा आहे, कारण इथे पारा एक आकडी झाला की कृषी विद्यापीठाच्या हवाल्याने वर्तमानपत्रात बातमी येते आणि लोक शेकोट्या पेटवतात. बर्फाचे हेल्मेट पाहिलेला दुकानदार मात्र पंचक्रोशीत सापडत नाही.

शोध घेताना मी एक क्रम ठरवून घेतला आणि अजूनही तोच बरोबर वाटतो. काच ही सोय आहे आणि डोके वाचवणे हे हेल्मेटचे काम आहे, तेव्हा आधी काच विसरून निव्वळ हेल्मेट तपासायचे, आणि जे त्यात उतरेल त्याचीच काच पाहायची. मात्र ती पाहताना आपला रोजचा चष्मा डोळ्यांवर असलाच पाहिजे. विक्रीच्या छायाचित्रांतील मॉडेलला चष्मा नसतो, हे ध्यानात ठेवावे.

हेल्मेट घरी आले तेव्हा बाबांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, "हे घालून तू बर्फात गाडी चालवायलीस काय? आपलं मोटरसायकलचं हाय की घरात." प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, आणि हाच प्रश्न मला आणखी दोघांनी विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देते. आपल्याकडील दुचाकीचे हेल्मेट आयएस ४१५१ या भारतीय मानकानुसार बनते आणि त्याच्या वजनाला पूर्वी १.२ किलोची मर्यादा होती. काचेचे स्की-हेल्मेट साधारण अर्धा ते पाऊण किलोच्या आत बसते. दिवसभर वाकलेल्या गुडघ्यांवर, सतत मान वळवत उतरणाऱ्या माणसाला हा फरक संध्याकाळी मानेतच कळतो. शिवाय दुचाकीच्या बंद हेल्मेटमध्ये हनुवटीपुढचा भाग श्वास आतच अडवतो आणि कानही गच्च झाकतो, तर बर्फावर मागून येणाऱ्या स्कीची खरखर ऐकू येणे आवश्यक असते. तेव्हा घरातले ते घरातच राहू द्यावे.

हेल्मेटच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर ईएन १०७७ हा युरोपीय क्रमांक किंवा एएसटीएम एफ २०४० हा अमेरिकी क्रमांक दिसला पाहिजे. युरोपीय मानकात ए आणि बी असे दोन वर्ग आहेत. ए वर्गात कानांवरूनही कठीण कवच येते, बी वर्गात कानांवर मऊ गादी असते. टोकदार वस्तू किती आत शिरते याची चाचणी ए वर्गासाठी ७५ सेंटिमीटर उंचीवरून आणि बी वर्गासाठी त्याच्या निम्म्या उंचीवरून घेतात. ऐकू येणे आणि हवा खेळती राहणे या दोन गोष्टींसाठी बहुतेक हौशी लोक बी वर्ग घेतात, मीही घेतला, आणि जो झाडांतून किंवा खडकाळ उतारावरून जाणार आहे त्याने ए वर्गाचा विचार करावा असे माझे मत आहे. आघाताच्या चाचणीत हेल्मेट दीड मीटर उंचीवरून पाडले जाते, म्हणजे आपटताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो. अमेरिकी चाचणीत उंची दोन मीटर असल्याने तो बावीसच्या थोडा वर जातो. सरावलेला स्कीपटू याहून कितीतरी वेगाने उतरतो. हेल्मेट घातले म्हणजे काहीही होणार नाही, हा समज किती पोकळ आहे ते या आकड्यांवरून दिसते. २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे फॉर्म्युला वनचे शर्यतपटू मायकेल शूमाकर यांचे डोके खडकावर आपटले तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते. ते नसते तर परिणाम याहून भीषण झाला असता, असे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्या वेळी सांगितले होते. दोन्ही बाजू एकत्र लक्षात घ्याव्यात.

आतला पांढरा थर म्हणजे दाट केलेले थर्माकोलच असते. आघाताच्या वेळी ते चेपले जाते आणि चेपण्यातच धक्का जिरवते. एकदा चेपले की पुन्हा फुगत नाही, म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी बाद समजायचे असते. वापरलेले हेल्मेट स्वस्तात मिळत असेल तर ते याच कारणासाठी नाकारावे, कारण त्याचा इतिहास विकणाऱ्यालाच ठाऊक असतो. याखेरीज काही हेल्मेटवर पिवळा गोल ठिपका असतो, तो मिप्स या स्वीडिश पद्धतीचा. त्यात डोके आणि थर्माकोल यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक निसरडा पातळ थर असतो, जो तिरक्या धडकेत दहा ते पंधरा मिलिमीटर सरकतो आणि मेंदूला बसणारा पिळा कमी करतो. स्टॉकहोममधील एका मेंदूशल्यचिकित्सकाच्या आणि तिथल्याच तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधनातून ही कल्पना पुढे आली. उतारावर माणूस सरळ टाळूवर क्वचितच पडतो, बहुधा तिरका घसरत पडतो, म्हणून या थरासाठी जास्तीचे पैसे मोजणे मला योग्य वाटले.

मापाचा भाग घरी करता येतो. शिंप्याची कापडी टेप भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागील सर्वांत फुगीर भागावरून फिरवायची आणि येणारा सेंटिमीटरचा आकडा उत्पादकाच्या तक्त्याशी जुळवायचा. हेल्मेट घालून, पट्टा न लावता, डोके नकारार्थी जोरात हलवले तर कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरत असेल तर ते मोठे आहे. पुण्याच्या दुकानातील मुलगा मला आग्रहाने सांगत होता, "मॅडम, एक साइज सैल घ्या, आतून कानटोपी बसेल." आपल्याकडे थंडी म्हटली की कानटोपी आणि मफलर हे हात आपोआप शोधतात, त्यामुळे त्याचा सल्ला आपलासा वाटतो, पण तो ऐकू नये. हेल्मेट स्वतःच पुरेसे उबदार असते. आत फार तर अगदी पातळ बालाक्लाव्हा, म्हणजे डोके आणि मान झाकणारी घट्ट टोपी, चालतो. लोकरीच्या टोपीमुळे हेल्मेट डोक्यापासून वर उचलले जाते, आणि ऐन धडकेच्या वेळी तेवढेच सरकते. लांब केस असणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही: उंच अंबाडा आणि धातूचा चाप दोन्ही हेल्मेटखाली नकोत, मानेलगत सैल वेणी घालावी. डोक्याला तेल असेल तर ते आतल्या गादीत मुरते, आणि पुढच्या मोसमात त्याचा वास जात नाही.

आता काचेकडे येऊ. पहिली तपासणी आरशासमोर, चष्मा घालून, काच पूर्ण खाली ओढून करायची. काचेची आतली बाजू चष्म्याच्या फ्रेमला कुठेही टेकता कामा नये, आणि हसल्यावर, गाल वर गेल्यावर, तोंड उघडल्यावरसुद्धा टेकता कामा नये. माझी फ्रेम जाड आणि रुंद होती; तिची डावी दांडी हेल्मेटच्या कानाच्या गादीखाली दबत होती आणि चष्मा तिरका होत होता. शेवटी मी स्टेशन रोडवरच्या आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्यांकडे गेले आणि त्यांना हेल्मेटच दाखवले. त्यांनी ते स्वतःच्या डोक्यावर चढवून पाहिले, काच दोनदा वर-खाली केली आणि म्हणाले, "ताई, दांडी सरळ, बारीक आणि लवचीक घ्या. अन् बर्फात पडणार म्हणता, तर भिंगं पॉलिकार्बोनेटची करा. काच डोळ्यापाशी फुटायला नको." माझ्या मते अख्ख्या खरेदीतला हा सर्वांत शहाणा सल्ला होता. बर्फासाठी वेगळा, लहान फ्रेमचा चष्मा करून घेतला. जुना चष्मा सोबत सुटा ठेवायला उरला.

दुसरी तपासणी काचेच्या खालच्या कडेची, आणि इथेच स्वस्त आणि चांगल्या हेल्मेटचा फरक उघडा पडतो. गॉगलला चहूबाजूंनी फोम असतो आणि तो रबरी पट्ट्याने चेहऱ्यावर आवळलेला असतो. हेल्मेटची काच मात्र दोन बाजूंच्या बिजागऱ्यांवर लटकलेली असते, त्यामुळे नाकापाशी आणि गालांपाशी ती किती चिकटून बसेल हे सर्वस्वी तुमच्या चेहऱ्याच्या ठेवणीवर अवलंबून राहते. चांगल्या हेल्मेटमध्ये खालच्या कडेला मऊ फोम किंवा रबराची झालर असते. फट अगदीच नको असे नाही, कारण त्याच फटीतून श्वासाची वाफ बाहेर पडते. परंतु नाकाशेजारी करंगळी सहज आत जात असेल तर वेगाने उतरताना थंड वारा तिथून थेट डोळ्यांत घुसतो, डोळ्यांना धारा लागतात, आणि बर्फ पडत असेल तर बारीक कण चष्म्यावर येऊन वितळतात. दुकानात हे तपासायचे असेल तर टेबलपंख्यासमोर, तोही पूर्ण वेगावर ठेवून, उभे राहावे आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवावी. कोणत्या बाजूने वारा लागतो ते लगेच कळते. दुकानातील लोक हसतात, हसू द्यावे.

वाफेचा प्रश्न सर्वांत मोठा आणि त्यावर सर्वांत जास्त भूलथापा. काचेवर वाफ धरते ती श्वासातला आणि घामातला ओलावा थंड पृष्ठभागावर जाऊन बसतो म्हणून. एकपदरी काच बाहेरच्या हवेइतकीच थंड होते आणि चटकन धुरकटते. दोन पदरी काचेत मधल्या हवेच्या थरामुळे आतला पदर तुलनेने उबदार राहतो, त्यामुळे वाफ उशिरा धरते. दुचाकीच्या हेल्मेटला पिनलॉक, म्हणजे काचेला आतून बसवायचा दुसरा पदर, लावणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची आहे. म्हणून दोन पदरी काच नसलेले हेल्मेट मी पाहता पाहताच बाजूला ठेवले. वाफरोधक लेप हा आतल्या पदरावर असतो आणि तो ओला असताना रुमालाने पुसला तर निघून जातो. ओली झालेली काच झटकून, उघडी ठेवून वाळू द्यायची असते. गॉगलच्या तुलनेत काचेच्या आत हवेला जागा अधिक मिळते, आणि लिफ्टच्या रांगेत उभे असताना काच वर करून सगळे मोकळे करता येते, हा चष्मेवाल्यांचा खरा फायदा. मात्र मफलर किंवा बालाक्लाव्हा नाकावर ओढून घेतला की सगळा श्वास वर वळतो आणि जगातील कोणतीही काच मग धुरकटल्याशिवाय राहत नाही.

मराठवाड्यात याची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न मला काही दिवस पुरला. मी हेल्मेट काचेसकट फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवले, बाहेर काढून चष्म्यासह डोक्यावर चढवले आणि लगबगीने जिना चढले-उतरले. गार काच बाहेरूनही खोलीतल्या दमटपणाने धुरकटते, ते फडक्याने पुसून टाकायचे आणि लक्ष आतल्या पदरावर ठेवायचे. ही काही प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे, उणे दहा अंशांचा अंदाज त्यातून येत नाही. पण भाच्याने आणलेले एकपदरी काचेचे हेल्मेट आणि माझे दोन पदरी, या दोहोंतील फरक मात्र स्वच्छ दिसला. स्वयंपाकघरात त्या दिवशी दुधाच्या पातेल्याला जागा उरली नव्हती, त्याबद्दल आईचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

रंगाच्या बाबतीत लोक निळ्या-जांभळ्या चकाकीला भुलतात, वास्तविक पाहायचा तो काचेच्या गडदपणाचा, एस अक्षरापुढचा आकडा. एस १ ची काच ४३ ते ८० टक्के प्रकाश आत सोडते, एस २ ची १८ ते ४३, एस ३ ची ८ ते १८ आणि एस ४ ची जेमतेम ३ ते ८ टक्के. गुलमर्गला गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, वरचा टप्पा अफरवट पर्वताच्या बाजूला ३९०० मीटरच्या वर नेतो. उंचीच्या दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ते खालूनही डोळ्यांत शिरतात. काच हनुवटीच्या दिशेने पुरेशी खाली यायला हवी ती यासाठीही. अतिनील किरण अडवण्याचे काम काचेचे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक फिकट असतानाही करते, गडदपणा हा केवळ डोळे दिपू नयेत म्हणून असतो. उलट ढगाळ हवेत किंवा बर्फ पडत असताना एस ३ मधून उंचसखल काही कळत नाही, सगळे एकच पांढरे पटल वाटते आणि खड्डा पायाखाली आल्यावर समजतो. गॉगल असता तर खिशातून दुसरा काढून लावला असता. काचेच्या हेल्मेटला ती सोय नाही, हा त्याचा मोठा उणेपणा मी मानते. त्यावर दोन उपाय आहेत: चुंबकाने किंवा खटक्याने सुटणारी बदलती काच, नाहीतर उन्हानुसार गडद-फिकट होणारी फोटोक्रोमिक काच. फोटोक्रोमिक काच थंडीत अधिक गडद होते आणि फिकट व्हायला जास्त वेळ घेते, त्यामुळे उन्हातून एकदम देवदारांच्या सावलीत शिरणाऱ्याला थोडा काळ अंधारात चाचपडावे लागते. मी एस २ ची बदलता येणारी काच घेतली. पोलराइज्ड काच टाळली, कारण ती चकाकी घालवते आणि गोठून काचेसारखा झालेला बर्फाचा पट्टा ज्या चकाकीवरून ओळखू येतो तीच नाहीशी होते.

बिजागरी जाड हातमोजा घालून उघड-बंद करून पाहावी. काच अर्ध्यावर थांबते का, वर केल्यावर मान झटकली तर आपोआप खाली येते का, एवढे बघितले तरी पुरे. काचेवर स्वतःचे मानकचिन्ह असावे. स्कीच्या गॉगलसाठी पूर्वी ईएन १७४ होते, आता त्याची जागा ईएन आयएसओ १८५२७-१ ने घेतली आहे.

सॅलोमन, युवेक्स, हेड, रॉसिन्योल अशा बऱ्याच कंपन्या काचेची हेल्मेट बनवतात, आणि नाव कोणते यापेक्षा सुटी काच वेगळी विकत मिळते का, हे मी आधी विचारले. ओरखडे पडणार ते काचेवरच, आणि सुटी काच मिळत नसेल तर चांगले हेल्मेट केवळ ओरखड्यांमुळे टाकून द्यावे लागते. मागवण्याआधी परत करण्याची मुदत पाहून घ्यावी, कारण चष्म्यासह घातल्याखेरीज निर्णय होत नाही.

प्रवासात काच मऊ कापडाच्या पिशवीत आणि हेल्मेट पाठपिशवीत वरच्या बाजूला ठेवावे. सचखंड एक्सप्रेसमध्ये बर्थखाली सरकवलेल्या ट्रंकांच्या दाटीत ते टाकले तर दिल्ली येईपर्यंत काचेवर रेघा उमटलेल्या असतील. वर्षातले उरलेले अकरा महिने मात्र हे हेल्मेट आपल्याच उन्हाळ्यात काढणार असते, आणि याचा विचार बर्फाच्या देशांत लिहिलेल्या माहितीपत्रकांत नसतो. मे महिन्यात पत्र्याखालचा माळा किंवा उन्हात उभ्या गाडीची डिकी इतकी तापते की थर्माकोल, गोंद आणि काचेवरील लेप यांना ती झेपत नाही. त्यामुळे घरातल्या सर्वांत थंड खोलीतील कपाट, तेही खालचा कप्पा. त्या कपाटात लोकरीच्या कपड्यांसाठी टाकलेल्या डांबराच्या गोळ्या असतील तर त्या आधी काढाव्यात, कारण नॅप्थलीनच्या वाफेने थर्माकोल मऊ पडते आणि खचते. काच पुसायला थिनर किंवा पेट्रोल लावू नये, साधे पाणी पुरते, परंतु आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ कोरड्या फडक्याने घासली की तिचेच ओरखडे पडतात. निघण्याच्या आठवडाभर आधी बिजागरीचे स्क्रू आवळून, खालची रबरी झालर कडक किंवा तडकलेली नाही ना हे बोटाने दाबून पाहावे, कारण झालर बदलायची असली तर ती मागवायला तेवढे दिवस लागतात.